चित्राखालचे नाव

सर्कशीचा तंबू गावाबाहेरच्या मैदानावर उभा राहिला की मुलांना घरात धरून ठेवणे अवघड होते, हे शब्बाथशाळेच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. या खेळाची आपल्या देशातील सुरुवात तर एका मराठी माणसानेच केली. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली आपली सर्कस उभी केली, आणि तेव्हापासून आपण टाळ्या वाजवीत आलो आहोत. परंतु तंबूच्या मागे काय असते, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले?

मेरी एलेन मार्क या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी ते पाहिले. १९८९ व १९९० साली त्या भारतातील निरनिराळ्या सर्कशींबरोबर फिरल्या, आणि १९९३ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यांचा कॅमेरा खेळापेक्षा खेळाडूंकडे अधिक वळलेला आहे. अहमदाबादेत काढलेल्या एका चित्रात श्यामा हत्तीण आपल्या शिक्षकाच्या गळ्याभोवती सोंड टाकून उभी आहे. ते पाहून मन भरून येते.

दुसरे एक चित्र मात्र आम्हांला स्वस्थ बसू देत नाही. गुजरातेतील उपलेटा येथे १९८९ साली काढलेले हे चित्र अंग वाकविण्याचे खेळ करणाऱ्या एका मुलीचे आहे. तिच्याबरोबर कुत्र्याचे पिल्लू आहे. चित्राच्या मथळ्यात पिलाचे नाव आहे, स्वीटी. मुलीचे नाव नाही; तिची ओळख तिच्या कसरतीवरूनच दिलेली आहे.

बाईंना दोष देण्याची आम्हांला घाई नाही. त्या गेल्या नसत्या तर ही माणसे आपल्या दृष्टीसही पडली नसती, आणि त्यांच्या पाहण्यात तुच्छता नाही. तरीही प्रेमाने पाहणे म्हणजे सोडविणे नव्हे. सर्कशीत मुलांना कामाला ठेवू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला तो २०११ साली, म्हणजे वीसहून अधिक वर्षांनी. मग ज्याच्या हाती फक्त कॅमेरा आहे त्याने काय करावे? तो खाली ठेवावा काय? आम्हांला तसे वाटत नाही. पण ज्याचे चित्र घेतले त्याचे आपण काही देणे लागतो, आणि निदान त्याचे नाव विचारणे हा त्या देण्याचा पहिला हप्ता आहे, असे आम्ही म्हणू.

कराच्या नाण्यावरची प्रतिमा कोणाची, असे प्रभूने विचारले होते. नाण्यावर कैसराचा मुखवटा होता. त्या मुलीवर कोणाची प्रतिमा आहे, याचे उत्तर उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे. ती सर्कसमालकाची नव्हे, प्रेक्षकाची नव्हे, छायाचित्रकाराचीही नव्हे.

इतके लिहिल्यावर आम्हांला आमच्याच मंडळीची आठवण झाली. एका नाताळात आम्ही कांबळी वाटली, आणि प्रत्येक कांबळे देताना फोटो काढला. एका म्हातारीने पदराने तोंड झाकले, तेव्हा “आजी, इकडे बघा” असे आम्हीच म्हटले. तिने पाहिले. न पाहून करते काय? कांबळे अजून आमच्या हातात होते.

तो फोटो उपासनामंदिराच्या ओसरीवर लावलेला आहे. खाली देणाऱ्यांची नावे अनुक्रमाने छापली आहेत, आणि आजींच्या जागी ‘एक गरजू भगिनी’ असे आहे. परवा आम्ही पाळकसाहेबांना तिचे नाव विचारले. त्यांनाही ते माहीत नव्हते. रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघे तिच्या वस्तीत विचारायला जाणार आहोत. चित्र भिंतीवर ठेवायचे की काढायचे, हेही तिलाच विचारावे लागेल.