जोडलेले वाद्य आणि अवयवीचा प्रश्न

मोडलेल्या वस्तूचे तेच तुकडे पुन्हा सांधले, तर सांधून उभी राहिलेली वस्तू पहिलीच मानावी की दुसरी, हा प्रश्न न्याय-वैशेषिक आणि बौद्ध यांच्यात शतकानुशतके चाललेल्या वादाशी निगडित आहे. त्या वादातील घट, पट आणि रथ ही उदाहरणे वापरून वापरून गुळगुळीत झाली असल्याने येथे विसाव्या शतकातील एक वाद्य विचारासाठी घेतले आहे. अमेरिकन वादक जॅको पास्टोरियस (१९५१–१९८७) यांचे फेंडर कंपनीचे १९६२ सालचे ‘जॅझ बास’, म्हणजे खर्जाच्या चार तारांचे विद्युत गिटार, ‘बास ऑफ डूम’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या मानेवरील धातूचे पडदे उपटून काढलेले होते, राहिलेल्या खाचा लुकणाने बुजवल्या होत्या, आणि तारांनी लाकूड कातरले जाऊ नये म्हणून वर होड्यांसाठी वापरतात त्या जातीच्या इपॉक्सीचा थर चढवला होता. मींड घेणारा पास्टोरियस यांचा स्वर या उपटाउपटीतूनच शक्य झाला. १९८०च्या दशकाच्या मध्यात या वाद्याचे तुकडे तुकडे झाले. फ्लॉरिडातील केविन कॉफमन आणि जिम हॅमिल्टन या कारागिरांनी ते जुळवून चिकटवले आणि धड एकसंध राहावे म्हणून पुढून-मागून मेपलच्या लाकडाचा पातळ पापुद्रा बसवला. १९८६ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये चोरीस गेले आणि सुमारे दोन दशकांनी त्याच शहरात पुन्हा उजेडात आले.

‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथातील भिक्षू नागसेनाला हे उदाहरण जड गेले नसते. चाके, आस आणि जू यांहून निराळा रथ जसा सापडत नाही, तसे धड, मान आणि तारा यांहून निराळे ‘वाद्य’ही नाही, ते केवळ व्यवहाराच्या सोयीचे नाव आहे, आणि हे नाव आधीच्या व नंतरच्या रचनेला सारखेच लागू पडते. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. लिओ फेंडर यांनी मान धडाला सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी आवळण्याची पद्धत योजली, ती उत्पादन सुलभ व्हावे आणि बिघडलेला भाग बदलता यावा म्हणून. म्हणजे हे वाद्य घडतानाच जवळजवळ नागसेनाच्या रथासारखे घडले होते.

नैयायिकांचे उत्तर मात्र अनपेक्षित आहे. अवयवी, म्हणजे अवयवांपासून निर्माण होणारे परंतु त्यांच्या बेरजेहून वेगळे असे संपूर्ण द्रव्य, सत्य आहे असा त्यांचा आग्रह असल्याने वाद्याचे सातत्य त्यांनी हिरिरीने मांडावे अशी अपेक्षा वाटते. पण त्यांच्या मते अवयवांचा परस्परसंयोग हे अवयवीचे असमवायिकारण आहे, म्हणजे ज्याच्या नाशाने कार्यही नष्ट होते असे कारण आहे. त्यामुळे संयोग तुटताच जुने वाद्य संपले आणि कॉफमन-हॅमिल्टन यांच्या हातून उत्पन्न झाले ते दुसरेच, असे त्यांना म्हणावे लागते. इतकेच नव्हे, तर एक अवयव निघाला तरी जुना अवयवी नष्ट होऊन उरलेल्या भागांतून नवा उत्पन्न होतो, असे मानल्यास पडदे उपटले त्याच दिवशी फेंडरच्या कारखान्यातून आलेले वाद्य संपलेले होते. मग ‘हेच ते’ या प्रत्यभिज्ञेचे, म्हणजे पूर्वी पाहिलेली वस्तू पुन्हा ओळखण्याच्या ज्ञानाचे, काय करायचे? दिव्याची ज्योत प्रतिक्षणी नवी असूनही ‘तीच’ वाटते, तशी ही ओळख साजात्यावर आधारलेली आहे, हे उत्तर त्यांना उपलब्ध आहे.

हे उत्तर रुक्ष असले तरी ते कारागिराला अधिक न्याय देते. जुने वाद्य कायमच राहिले असे मानले, तर दुरुस्ती ही केवळ हमाली ठरते; नवा अवयवी उत्पन्न झाला असे मानले, तर दुरुस्ती करणारा निमित्तकारण, म्हणजे कुंभाराच्या योग्यतेचा कर्ता, ठरतो. जुन्या वाद्यांच्या बाजारात नुसता रंग नव्याने दिला तरी किंमत बरीच उतरते; तेथील ‘अस्सलपणा’ची कल्पना याच कर्त्याला पुसून टाकू पाहते.

धर्मशास्त्राने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. भग्न मूर्ती सामान्यतः पूजेस वर्ज्य असते, आणि जीर्णोद्धाराच्या विधीत मूर्तीला हात लावण्यापूर्वी तिच्यातील देवत्व मंत्रांनी जलपूर्ण कलशात आणून ठेवले जाते व काम पुरे झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठापित केले जाते, त्यामुळे देवाचे सातत्य दगडाच्या सातत्यावर अवलंबून राहत नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त प्रासाद आणि प्रतिमा यांसाठी वज्रलेपाची कृती दिली आहे, म्हणजे लेप लावण्यालाही शास्त्राची ना नाही. पास्टोरियस यांच्या ध्वनिमुद्रिकांना असा कलश म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा, कारण ध्वनिमुद्रिकेत साठलेला स्वर वाद्यात पुन्हा प्रतिष्ठापित करण्याचा कोणताही विधी नाही. तो स्वर वादकाच्या बोटांतही होता.

स्वामित्वाचा प्रश्न मात्र या कोणत्याच मार्गाने सुटत नाही. २०१० मध्ये मेटॅलिका या वाद्यवृंदाचे बासवादक रॉबर्ट ट्रुहियो यांच्या आर्थिक साहाय्याने हे वाद्य पास्टोरियस कुटुंबाकडे परतले. नैयायिकांच्या हिशेबाने कुटुंबाला मिळाले ते १९६२ चे वाद्य नव्हते, तरीही सुताचा मालक तोच कापडाचा मालक या न्यायाने त्यांचा हक्क टिकतो. विणकराला त्यात मजुरीपलीकडे किती वाटा असावा, हा वाद तेवढा उरतो.