मागून घेतलेली भेट

मागून घेतलेल्या वस्तूस भेट म्हणता येईल काय? वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. परंतु आज हा प्रश्न पुष्कळ ख्रिस्ती घरांच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आहे. लग्न ठरले की वधूवरांनी एखाद्या दुकानात अथवा संगणकाच्या पडद्यावर आपल्याला हव्या असलेल्या भांड्यांची यादी नोंदवावयाची, आणि आप्तेष्टांनी तीतून आपल्या ऐपतीप्रमाणे एखादे पातेले, एखादी कढई किंवा डिनर सेट निवडून त्याचे पैसे भरावयाचे, ही पद्धत परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींमार्फत व मोठ्या शहरांतील दुकानांमार्फत आपल्यापर्यंत पोहोचली आहे. वडीलधाऱ्यांना ती निर्लज्जपणाची वाटते, तरुणांना ती सोयीची वाटते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच थोडे थांबून विचार करणे अगत्याचे आहे.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतला. शिकागो येथील मार्शल फील्ड या मोठ्या दुकानाने १९२४ मध्ये ती सुरू केली, असे सांगितले जाते. त्यामागील अडचण साधी होती. चिनी मातीच्या भांड्यांचा संच एकाच नक्षीचा असावा लागतो. दहा पाहुण्यांनी दहा नक्षींच्या बश्या आणल्या तर त्यांतून एक टेबलही मांडता येत नाही. म्हणून वधूने नक्षी तेवढी निवडावी, दुकानाने ती नोंदवून ठेवावी, आणि कोणी एक बशी, कोणी कपबशी, कोणी मोठे भांडे असे घेऊन सर्वांनी मिळून संच पूर्ण करावा, अशी ही योजना. दुकानदाराचा त्यात नफा होता, हे उघडच आहे. परंतु एका बशीपुरतीच ऐपत असलेल्या माणसाचा वाटाही त्या टेबलावर इतरांच्या वाट्याइतक्याच मानाने मांडला जाई, हेही तितकेच खरे.

आता आक्षेपाकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याने उपकार करणे व स्वीकारणे या विषयावर सात भागांचा ग्रंथ रचला. मागण्यात माणसाला संकोचाची किंमत मोजावी लागते. म्हणून मागण्यापूर्वीच जो दुसऱ्याची गरज ओळखतो तो खरा दाता, असे त्याचे प्रतिपादन आहे. या कसोटीवर यादी हिणकस ठरते. देणाऱ्याने आपल्या स्नेह्याचा विचार करावा, त्याच्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे, काय शोभेल ते हेरावे, हे सारे श्रम यादीने वाचतात. आणि या श्रमांतच भेटीचा अर्धा जीव असतो.

परंतु न मागता दिलेला आपला आहेर तरी कितपत निर्मळ असतो? लग्नमंडपाच्या कोपऱ्यात वही घेऊन बसलेला काका आठवा. कोणी किती रुपये दिले, कोणी कुकर आणला, कोणी नुसताच हात हलवीत आला, याची नोंद त्या वहीत होते, आणि पुढे त्या घरच्या कार्याला जाताना ती वही पुन्हा उघडली जाते. भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी ‘सप्रेम भेट’ अशी अक्षरे कोरून घेतली जातात, पण त्या प्रेमाखाली पुष्कळदा जमाखर्च असतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात हेच दाखविले की, देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने भेटीत गुंफलेली असतात. शिवाय मागणी नसलेल्या आहेरातून एका घरात चार लेमन सेट आणि पाच भिंतीवरची घड्याळे जमतात. ती वेष्टणासकट पुढच्या लग्नात जातात, आणि तेथून आणखी पुढे. कोणाच्याच उपयोगी न पडणारी वस्तू केवळ न मागता आली म्हणून पवित्र कशी ठरावी?

तेव्हा मागितलेली आणि न मागितलेली, हा भेद पुरेसा नाही. खरा भेद अन्यत्र आहे, आणि तो आपणास योहानाच्या शुभवर्तमानातील काना येथील लग्नात दिसतो. द्राक्षारस सरला तेव्हा मरीयेने उणीव काय ती कळविली. किती हवा, कोठून आणावा, कोणत्या प्रतीचा असावा, यांपैकी काहीच तिने सांगितले नाही. पुढचे तिने ऐकणाऱ्यावर सोपविले. गरज कळविणे वेगळे आणि मागणी करणे वेगळे. गरज कळविल्यानंतर ऐकणारा मोकळा राहतो, मागणी केल्यानंतर तो बांधला जातो. म्हणून कोणत्याही यादीस एकच प्रश्न विचारावा: ही यादी पाहून जो काहीच देणार नाही, किंवा यादीबाहेरचे काही देईल, त्याच्याकडे या घरात पूर्वीच्याच डोळ्यांनी पाहिले जाईल काय? उत्तर ‘होय’ असेल तर यादी म्हणजे केवळ माहिती आहे. उत्तर ‘नाही’ असेल तर ती वसुली आहे, मग तिला कितीही सुंदर फीत बांधलेली असो.

हा भेद आपल्या देशात केवळ सूक्ष्म विचारापुरता नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा. विवाहप्रसंगी दिलेल्या भेटींना त्यात मुभा आहे, परंतु त्या कोणतीही मागणी न होता दिलेल्या असाव्यात अशी अट आहे. आणि वधूपक्षाकडून आलेल्या भेटी रूढीस धरून व देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने बेताच्या असाव्यात, असेही म्हटले आहे. १९८५ च्या नियमांप्रमाणे वधूने व वराने आपापल्या भेटींची लेखी यादी ठेवावयाची असते. तीत वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते नोंदवून दोघांनीही सही करावयाची असते. म्हणजे कायद्यासही यादी हवी आहे. पण ती मिळाले त्याची, हवे त्याची नव्हे. किती घरांत ही यादी केली जाते, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे. आणि वराकडील मंडळींनी हवे असलेल्या भांड्यांची, फ्रीजची, मिक्सरची यादी वधूच्या पित्याच्या हाती ठेवली, तर तिला कोणतेही इंग्रजी नाव दिले तरी तो हुंडाच होय. स्नेह्यांना विचारल्यावर दाखविलेली यादी आणि सोयऱ्यांपुढे टाकलेली यादी, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

समजा, एखाद्या जोडप्याने ही कसोटी मान्य करून यादी करावयाचे ठरविले. मग यादीत काय असावे? येथेही नीतीचा प्रश्न सुटत नाही. भांडी निवडताना आपण कोणते जीवन जगणार आहोत, याची निवड नकळत होत असते. बिडाचा तवा जड असतो, त्याला तेल लावून जपावे लागते, पण तो नातवंडांपर्यंत पोहोचतो. नॉनस्टिकचा तवा हलका व सोयीचा. परंतु त्याचा लेप सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडू लागतो, ओरखडे पडतात, आणि काही वर्षांत तो टाकावा लागतो. पितळेच्या पातेल्याला कल्हई हवी, आणि आज आपल्या गावात कल्हईवाला उरला आहे काय हे आधी पाहावे. घरात इंडक्शनची शेगडी असेल तर ज्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटते तेच भांडे तिच्यावर चालते. नुसत्या ॲल्युमिनियमचे वा तांब्याचे चालत नाही. सोनेरी कडेची ताटे मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाहीत. ती शोकेसमध्येच राहतात. दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा शोकेसमध्ये ठेवण्यासाठी मागावा काय, हे वधूवरांनी एकमेकांना विचारावे.

आणि ताटे किती असावीत? या प्रश्नाला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. दोन माणसांच्या संसाराला दोन ताटे पुरतात. तिसरे ताट यादीत आले की ते कोणासाठी, हा प्रश्न उभा राहतो. नोकरीनिमित्त इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेंगळूर अशा शहरी जाऊन राहिलेल्या आपल्या लोकांना हे विशेष ठाऊक आहे. परक्या शहरात पहिल्या रविवारी उपासनेनंतर ज्याने ‘आमच्याकडे जेवायला चला’ म्हटले, त्याच्या घरचे ताट साधे स्टीलचे होते की चिनी मातीचे, हे कोणाच्या लक्षात राहते? ताट मांडले गेले, एवढे मात्र जन्मभर आठवते. पाहुण्यासाठी मोठे पातेले मागणारी यादी आणि पाहुण्याला दिपविण्यासाठी महागडा संच मागणारी यादी, दोन्ही कागदांवर भांडीच असतात. परंतु त्यांतून दोन भिन्न घरे उभी राहतात. यादी दोघांनी मिळून करावी, हेही सांगणे जरूर आहे. स्वयंपाकघर ज्याने त्याने वधूचेच गृहीत धरले, तर संसाराचा पहिलाच निर्णय एकट्याच्या खांद्यावर पडतो.

यादी करावयाचीच तर काही पथ्ये पाळणे इष्ट. ती निमंत्रणपत्रिकेत छापू नये. कोणी आपण होऊन विचारील तर सांगावी. तीत झारा, पळी, चिमटा, पोळपाट अशा अल्पमोली वस्तू भरपूर असाव्यात, म्हणजे मोलमजुरी करणाऱ्या मावशीला यादी वाचून मान खाली घालावी लागणार नाही. महाग वस्तू असेलच तर ती अनेकांनी मिळून द्यावी. किंमत व नाव मंडपात वाचून दाखवू नये. आणि कोणी यादी बाजूला सारून स्वतः शिवलेली गोधडी आणली, तर तिचा स्वीकार उरलेल्या सर्व भेटींहून कमी आनंदाने होऊ नये. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेचे दान कसे मोजले गेले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्या लग्नमंडपातील वहीला ते मोजमाप अजून शिकावयाचे आहे.

देणाऱ्यासही एक शब्द सांगावासा वाटतो. यादी हाती आली म्हणून रागावू नका. तुमच्या कल्पनेतील सुंदर वस्तूपेक्षा त्यांना कुकर हवा असेल, तर आपली हौस बाजूला ठेवून कुकर देणे हेदेखील प्रेमच आहे. किंबहुना त्यात स्वतःचे कौतुक कमी असते. आणि यादी पाहून जड वाटत असेल, तर तसे वाटू न देण्याची जबाबदारी तुमची नव्हे, यादी करणाऱ्याची आहे. रिकाम्या हाताने जाऊन वधूवरांना मनापासून आशीर्वाद द्या. त्या घराला ते पुरत नसेल, तर उणे तुमच्या हातात नाही, त्या घरात आहे. आणि ती उणीव बाजारातले कोणतेच भांडे भरून काढू शकणार नाही.