पंख्यातली धूळ

“पंख्यात धूळ साचली होती,” असं मी आत्याला सांगितलं. धूळ साचली होती, हे खरंच आहे. सीपीयूचं झाकण काढलं तेव्हा पंख्याच्या पात्यांवर करड्या लोकरीसारखा थर होता आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. मी ती पुसली, नवी लावली. पण व्हिडिओ अडकत होता तो मुख्यतः धुळीमुळे नव्हे, हे ते वाक्य बोलतानाही मला ठाऊक होतं. या गोष्टीला तीन आठवडे झाले. तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आत्या म्हैसूरला वोंटिकोप्पलमध्ये राहते. आजोबा बेळगावहून रेल्वेच्या नोकरीसाठी इथं आले आणि इथलेच झाले. घरातली मराठी तेव्हापासून कानडीच्या शेजारानं नांदते. “नवा कॉम्प्युटर घेऊ या का?” असं विचारलं की आत्या म्हणते, “बेड बेड, नको, आहे तो चालतोय की.” तो ‘आहे तो’ माझाच. २००९ साली घेतलेला, कोअर टू ड्युओचा. मी नवा घेतला तेव्हा हा तिला दिला, आणि आपण काहीतरी चांगलं केलं असं बरीच वर्षं समजत आले. आता आठवून पाहते तर माझ्या खोलीतली जागा मोकळी करायची होती, हे कारण आधीचं होतं.

आत्याचे गुडघे दुखायला लागल्यापासून सयाजीराव रस्त्यावर गर्दीत उभं राहून जंबो सवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, पाहणं तिला झेपत नाही. विजयादशमीला ती तिचं प्रक्षेपण पाहायला कॉम्प्युटरसमोर बसते. गेल्या दसऱ्याला तिचा फोन आला : हत्ती पाऊल उचलतो आणि पाहता पाहता चार पावलं पुढे असतो, मधली चाल दिसतच नाही. वाजंत्री मात्र अखंड ऐकू येते. साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी पाठीवर घेऊन डौलात चालणारा हत्ती तिनं लहानपणापासून पाहिलेला. तो असा धक्के खात पुढे जातोय, याचं तिला वाईट वाटत होतं. मी ऑफिसात होते. “नेट स्लो असेल,” म्हटलं आणि फोन ठेवला.

नेट स्लो नव्हतं. ते पाहायला दोन मिनिटं पुरली असती. ती मी दिली नाहीत, आणि आत्यानं स्वतःच कारण शोधलं. वर्षभरापूर्वी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तिला वाटलं, डोळ्यांतच काही राहून गेलं. ती दोनदा डॉक्टरांकडे जाऊन आली. डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब मिळाले. माझ्या एका तुटक उत्तरामुळे तिनं दोन महिने आपल्या डोळ्यांवर संशय घेतला. हे तिनं मला कळवलंही नाही, मी कामात असते म्हणून.

खरं कारण काय, ते मला माझ्या कामामुळेच माहीत आहे. फुल एचडी चित्रात वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके असतात, आणि सेकंदाला पंचवीस चित्रं दाखवायची तर एकेका चित्राच्या वाट्याला ४० मिलिसेकंद येतात. सगळी चित्रं अख्खी पाठवणं शक्य नसतं. एक पूर्ण चित्र पाठवायचं आणि पुढच्यांत फक्त काय बदललं ते सांगायचं, ही त्यातली युक्ती. आता मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. हलणारी गर्दी, उधळलेली फुलं, झगमगणारी अंबारी : तिथं जवळजवळ सगळंच क्षणोक्षणी बदलतं. उकलण्याचं काम चाळीस मिलिसेकंदांत झालं नाही की प्लेयर आवाज तुटू देत नाही, कारण कानाला खंड लगेच कळतो. तो चित्रं गाळतो. आत्याच्या हत्तीची मधली पावलं अशी गळत होती.

आणि चित्र गुंडाळण्याची पद्धत जितकी नवी, तितकी फाइल लहान आणि उकल अवघड. एच.२६४ हे मानक २००३ चं. व्हीपी९ २०१३ मध्ये आलं, एव्ही१ २०१८ मध्ये. नव्या यंत्रांत या उकलीसाठी चिपमध्ये वेगळी जागाच राखलेली असते. २००९ च्या यंत्राला पुढं जन्मणाऱ्या पद्धती कशा माहीत असणार? तिथं सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. तो तापतो, आणि पंखा धुळीनं भरलेला असला तर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. धूळ येते ती एवढ्यापुरती.

मी ज्या कंपनीत काम करते तिथं व्हिडिओ कोणत्या पद्धतीनं बाहेर जावा हे ठरवणाऱ्यांपैकी मी एक आहे. पाठवलेल्या डेटाचे पैसे आम्ही भरतो, म्हणून डेटा वाचला की तो मोजला जातो, त्याचं कौतुक होतं. तो वाचवताना वाढलेलं उकलीचं काम मात्र पाहणाऱ्याच्या घरी होतं. तिथली वीज, तिथली उष्णता, तिथलं अडकणं आमच्या कुठल्याच वहीत चढत नाही. गेल्या वर्षी जुन्या पद्धतीची प्रत बनवणं थांबवावं, असा अहवाल मी लिहिला. सोबत चाचण्यांचा तक्ता होता. त्यातली सर्वांत जुन्या यंत्राची ओळ, जिथं गळलेल्या चित्रांचा आकडा फार वाईट होता, ती मी काढून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. ‘अशी यंत्रं आता कितीशी उरली असतील’ असं मी मनाशी म्हटलं. मोजलं मात्र नव्हतं.

आत्या पाहत होती ते प्रक्षेपण आमच्या कंपनीचं नव्हतं. या गोष्टीचा आधार मी घेऊन पाहिला. टिकला नाही. आमचंही कुणीतरी कुठंतरी तसंच पाहत असणार, आणि त्याला मी तक्त्यातून पुसलं आहे.

आत्याच्याच वोंटिकोप्पल भागात १९३५ साली महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केलं. ‘आकाशवाणी’ हे नाव त्या केंद्राचं. तिथून जाताना हल्ली मला आजोबांचा रेडिओ आठवतो. मीडियम वेव्हचा जुना संच दुरुस्त असेल तर जिथं मीडियम वेव्हचं प्रक्षेपण चालू आहे तिथलं केंद्र आजही पकडतो. इतक्या वर्षांत पाठवणाऱ्यांनी आपली सामग्री कितीदा बदलली असेल, पण मीडियम वेव्ह ऐकणाऱ्याला त्यासाठी नवा संच घ्यावा लागला नाही. माझ्या पेशात आम्ही हे ओझं सहजपणे दुसऱ्या टोकाला सरकवलं, आणि समोरचा तक्रार घेऊन आला की त्याला ‘नवा घ्या’ म्हणतो. मीही आत्याला तेच म्हणत होते. चालतं यंत्र भंगारात गेलं असतं.

दुरुस्तीला एक रविवार लागला. धूळ काढली, पेस्ट लावली. ब्राउझर जुन्या एच.२६४ चीच प्रत मागेल अशी व्यवस्था केली. चित्र १०८० वरून ७२० वर आणलं. आत्याच्या मॉनिटरवर मुळात १३६६ गुणिले ७६८ ठिपके आहेत. म्हणजे इतके दिवस बिचारं यंत्र फुल एचडी उकलायला धाप लागेपर्यंत राबत होतं आणि शेवटी त्यातले निम्मे ठिपके पडद्यावर मावतच नव्हते. मग दसऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. हत्तीनं पाऊल उचललं, टेकवलं, दुसरं उचललं. आत्या खुर्ची पुढं ओढून बघत राहिली. म्हणाली, “अगं, माझे डोळे ठीक आहेत की!”

मग तिनं विचारलं, “बिघडलं काय होतं गं?”

तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मोडू नये म्हणून मी धुळीचं नाव घेतलं, अशी मी पहिले दोन दिवस स्वतःची समजूत घातली. तसं नव्हतं. खरं सांगायचं तर ‘नेट स्लो’पासून सुरुवात करावी लागली असती, आणि पुढं तिनं विचारलंच असतं की तुला हे सगळं माहीत होतं तर दसऱ्यालाच का नाही सांगितलंस. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. धूळ कुणीही साचू दिलेली नसते, ती आपोआप साचते. म्हणून ते कारण मला सोयीचं वाटलं.

गेल्या सोमवारी मी तो तक्ता उघडला, काढलेली ओळ होती त्या जागी ठेवली, आणि आधीच्या अहवालात ती मी वगळली होती असं स्पष्ट लिहून वरिष्ठांना पाठवला. जुनी प्रत चालू ठेवायला खर्च येतो. निर्णय काय होईल ते माझ्या हाती नाही. पाठवताना हात थरथरत होता.

आत्याला अजून सांगितलेलं नाही. गुरुवारी तिच्याकडे जेवायला जाणार आहे. ती स्वतःहून पुन्हा विचारेल असं वाटत नाही. तिच्या दृष्टीनं ते प्रकरण मिटलं. विषय मलाच काढावा लागेल.