आठवणींचा मालक

ॲन राइस यांच्या १९७६ सालच्या कादंबरीवरून रोलिन जोन्स यांनी तयार केलेली ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ ही मालिका एएमसी या अमेरिकी वाहिनीवर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. पहिल्या पर्वाचे सात भाग आणि २०२४ मधल्या दुसऱ्या पर्वाचे आठ भाग मिळून मूळ कादंबरीचे कथानक पूर्ण होते. दुबईतल्या एका आलिशान घरात राहणारा लुई हा व्हॅम्पायर डॅनियल मलॉय या वयस्क, कंपवाताने त्रस्त पत्रकाराला आपले आयुष्य सांगतो. १९७३ साली सॅन फ्रान्सिस्कोत या दोघांची अशीच एक मुलाखत झाली होती आणि ती अर्ध्यावर तुटली होती. लुईच्या आयुष्यात दोन प्रियकर येतात, लेस्टॅट आणि आर्मांद. दोघेही मोहक, दोघेही त्याच्यावर खरोखर प्रेम करणारे आणि दोघेही त्याला आपल्या ताब्यात ठेवणारे. एक माणूस दुसऱ्यावर सत्ता कशी मिळवतो, याचा टीव्हीवर आलेला हा अतिशय बारकाईचा अभ्यास आहे. या सत्तेचे मूळ मालिका दाखवते ते सुळ्यांत नाही, संमोहनातही नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याची गोष्ट कोण सांगणार, हे ठरवण्याचा अधिकार बळकावण्यात ते आहे.

इंग्रजी व्हॅम्पायरकथेत ही कल्पना पहिल्यापासून आहे. जॉन पोलिडोरी यांच्या १८१९ सालच्या कथेतला लॉर्ड रूथवेन मृत्युशय्येवर असताना तरुण ऑब्रीकडून शपथ घेतो, की वर्ष आणि एक दिवस उलटेपर्यंत आपल्या गुन्ह्यांबद्दल तो कोणाकडे ब्र काढणार नाही. पुढे हाच रूथवेन ऑब्रीच्या बहिणीला लग्नाची मागणी घालतो. भावाला सगळे ठाऊक असते, पण शपथेमुळे त्याची वाचा बसते. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या कादंबरीत ड्रॅक्युला किल्ल्यात अडकलेल्या जोनाथन हार्करकडून पुढच्या तारखा घातलेली तीन पत्रे आधीच लिहून घेतो. काम संपत आले, उद्या निघतो, किल्ला सोडला, अशा आशयाची ती पत्रे. हार्कर जिवंत असतानाच त्याच्या प्रवासाचा वृत्तान्त शत्रूच्या हाती गेलेला असतो. त्याच कादंबरीत मीना सगळ्यांच्या रोजनिश्या, पत्रे आणि टिपणे टंकलिखित करून क्रमाने लावते आणि ड्रॅक्युलाच्या पाडावाची तयारी तिथून सुरू होते. ड्रॅक्युला ती कागदपत्रे जाळतो, पण एक प्रत तिजोरीत सुरक्षित असते. क्रूस आणि लसूण सगळ्यांच्या लक्षात राहिले, ही प्रत मात्र सहसा कोणाला आठवत नाही.

राइस यांच्या कादंबरीतला लुई अठराव्या शतकातला गोरा मळेमालक होता. मालिकेने त्याला १९१० च्या न्यू ऑर्लिन्समध्ये आणले आणि कृष्णवर्णीय क्रिओल केले. तो स्टोरीव्हिल या वेश्यावस्तीत कुंटणखाने चालवून घर पोसतो, पुरुषांविषयीचे आकर्षण लपवतो आणि गोऱ्या गिऱ्हाइकांपुढे मान तुकवतो. हा बदल केवळ रंगाचा नाही. त्याच्या आयुष्यातली प्रत्येक फट लेस्टॅटला वापरता येते. लेस्टॅट त्याला महागडी दारू पाजतो, पैसा दाखवतो, त्याच्या घरी जेवायला जातो. एका प्रसंगात पत्त्यांचा डाव रंगलेला असताना तो वेळच थांबवतो आणि समोरच्या गोऱ्या बड्यांच्या हातांत कोणती पाने आहेत ते लुईला सांगतो. ज्यांच्यापुढे लुई रोज वाकतो, ते सगळे पुतळ्यासारखे थिजलेले आणि सांगणारा मात्र त्याच्या कानाशी. लुईला दिसते ते त्याच्या मनात दडलेले स्वप्न. त्याला तिथे कोणी फसवत नाही, म्हणूनच त्या क्षणाची पकड जबरदस्त आहे.

मग भाऊ पॉल छतावरून उडी घेऊन मरतो. शोकाने खचलेल्या लुईच्या डोक्यात लेस्टॅटची हाक घुमत राहते. लुई चर्चमध्ये पाद्र्यापुढे कबुली द्यायला जातो तेव्हा लेस्टॅट तिथे पोचून पाद्र्यांना मारतो आणि रक्ताने माखलेल्या वेदीपाशी लुईला प्रेम देऊ करतो. माणूस सर्वांत दुबळा असतो ती घडी साधून, त्याचा दुसरा आधार समोरच नष्ट करून दिलेले हे वचन आहे. तरी लुई होकार देतो आणि तो होकार खरा आहे. मालिकेचा प्रामाणिकपणा इथे कसाला लागतो. लुईला सर्वस्वी निष्पाप करून टाकणे सोपे होते. पण आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला संपूर्ण पाहिलेले असते आणि ते पाहणारा मारेकरी असला तरी पाहिले जाण्याचे सुख खोटे ठरत नाही.

या जगाचा एक नियम आहे. ज्याला आपण व्हॅम्पायर केले, त्याचे मन आपल्याला वाचता येत नाही. लेस्टॅटला साऱ्या शहराची मने ऐकू येतात, फक्त लुईचे नाही. त्यामुळे त्याला बाहेरच्या साधनांवर विसंबावे लागते. क्लब विकत घ्यायला तो पैसे पुरवतो. ऑपेराला जाताना गोऱ्या लेस्टॅटच्या शेजारी बसण्यासाठी लुईला त्याचा नोकर म्हणवून घ्यावे लागते. लुई आईबहिणीपासून हळूहळू तुटत जातो आणि शेवटी जिवंत भावाच्या नावाचा दगड बहीणच स्मशानात उभा करते. संबंधांत मोकळीक असावी असे लेस्टॅट म्हणतो, आंत्वानेत ही गायिका ठेवतो, पण लुई जुन्या मित्राला भेटला की त्याचा तोल जातो. दिलेले स्वातंत्र्य वापरले की शिक्षा होते, म्हणजे ते दिलेलेच नसते.

पाचव्या भागात हे सगळे उघड हिंसेवर येते. लेस्टॅट लुईला मारझोड करतो, आकाशात उंच नेतो आणि तिथून सोडून देतो. त्यानंतरची कित्येक वर्षे भेटवस्तू, पत्रे, पश्चात्ताप यांत जातात. अखेर तो लुईसाठी रचलेल्या गाण्याची तबकडी पाठवतो. त्यावरचा आवाज आंत्वानेतचा असतो. लुई संतापून त्याच्याकडे जातो आणि त्याच संतापातून परततो तो त्याचा होऊन. आंत्वानेतला संपवण्याची अट लेस्टॅट मान्य करतो, ती पाळल्याचे भासवतो आणि तिला गुपचूप स्वतःसारखी करतो. मारहाण, माफी, गोड दिवस, पुन्हा मारहाण हे चक्र कौटुंबिक हिंसेत अडकलेल्यांबरोबर काम करणाऱ्या कोणालाही ओळखीचे वाटेल. इव्हान स्टार्क यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात मांडले, की अशा नात्यात एकेका माराच्या प्रसंगापेक्षा रोजचे नियंत्रण अधिक घातक असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये असे नियंत्रण २०१५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. भारतातल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शारीरिक छळाच्या जोडीला भावनिक आणि आर्थिक छळही हिंसेत मोजला, मात्र त्याचे संरक्षण स्त्रियांना आहे.

या घरात सगळे स्पष्ट दिसते ते क्लॉडियाला. लुईच्या हट्टामुळे लेस्टॅटने चौदाव्या वर्षी व्हॅम्पायर केलेली ही मुलगी, ना लेक ना बहीण. ती एकटी निघून जायला बघते तेव्हा लेस्टॅट आगगाडीत तिला गाठून परत आणतो. ती रोजनिशी लिहिते आणि हीच तिची ताकद आहे. लुईच्या कथनाबाहेर या घराची दुसरी नोंद फक्त तिच्याकडे आहे. त्या रोजनिशीची काही पाने मात्र फाडलेली आहेत आणि ती फाडली लुईनेच. तिच्यावर झालेला बलात्कार त्या पानांत होता. त्याला तिचे दुःख झाकायचे होते, पण झाकायचे की नाही हे ठरवणे तिचे काम होते. प्रियकरांनी त्याच्याशी जे केले त्याची छोटी आवृत्ती लुईने तिच्याशी केली.

दुसरा प्रियकर आर्मांद याची रीत अगदी उलटी आहे. पॅरिसमधल्या व्हॅम्पायरांच्या नाटकमंडळीचा तो प्रमुख, शतकांचा जुना, लेस्टॅटपेक्षाही बलवान. तरी लुईपुढे तो नमतो, त्याला मालक म्हणतो, निर्णय त्याच्यावर सोपवतो. पहिल्या पर्वात तर तो रशीद नावाचा मानवी नोकर बनून खोलीत वावरतो, मुलाखतकाराच्या समोर, आपली कथा ऐकत. लेस्टॅटला प्रत्येक खोलीत केंद्रस्थानी असावे लागते. आर्मांद कडेला उभा राहतो आणि तिथून सगळे चालवतो. आणि तो लुईचा निर्माता नसल्यामुळे वरचा नियम त्याला लागू नाही. लुईचे मन त्याला वाचता येते, त्यात हातही घालता येतो. १९७३ च्या मुलाखतीनंतर लुईने स्वतःला उन्हात जाळून घेण्याचा प्रयत्न केला होता, आर्मांदने डॅनियलचा कित्येक दिवस छळ केला होता आणि शेवटी दोघांच्या स्मृतीतून ते दिवस काढून टाकले होते. दुबईत बसून आठवणींचे तुकडे जुळवताना या दोघांना आपापल्या डोक्यातले भगदाड सापडते. दुसऱ्या पर्वाचा हा पाचवा भाग संपूर्ण मालिकेत सर्वांत भेदक आहे. त्यात रक्तापेक्षा ध्वनिमुद्रणे जास्त आहेत.

पॅरिसमध्ये याच नाटकमंडळीच्या रंगमंचावर, लेस्टॅटच्या हत्येच्या प्रयत्नावरून, क्लॉडिया, तिची सहचरी मॅडलीन आणि लुई यांच्यावर खटल्याचे नाटक रचले जाते. प्रेक्षकांना ते नाटकच वाटते. साक्षीदार म्हणून लेस्टॅट उभा राहतो. लुईच्या कथनात जे प्रसंग एका रीतीने आले होते, ते इथे दुसऱ्या रीतीने वठवले जातात. पण आकाशातून सोडून देण्याचा प्रसंग येतो तेव्हा लेस्टॅट संहिता सोडतो आणि आपले क्रौर्य कबूल करतो. क्लॉडिया आणि मॅडलीन सूर्यप्रकाशात जळून मरतात. लुई वाचतो. प्रेक्षकांच्या मनावर ताबा मिळवून आपणच त्याची शिक्षा सौम्य करून घेतली, असे आर्मांद सांगतो आणि सात दशकांहून अधिक काळचा संसार या एका उपकारावर उभा राहतो.

तो संसार मोडतो एका कागदाने. डॅनियलच्या हाती खटल्याच्या नाटकाची संहिता येते. तिच्या समासात दिग्दर्शकीय सूचना आहेत आणि अक्षर आर्मांदचे आहे. लुईला वाचवणारा लेस्टॅट होता, आर्मांदने त्या मृत्यूंची तालीम घेतली होती. वाचलेल्याचा वाचवणाऱ्यावरचा विश्वास हेच या नात्याचे भांडवल होते आणि ते चोरीचे निघाले. डॅनियल हे भर दिवाणखान्यात, आर्मांदच्या देखत मांडतो. तो देखणा नाही, बलवान नाही, हात थरथरतात. त्याच्याकडे फक्त विसंगती टिपून ठेवण्याची पत्रकाराची सवय आहे. तारीख जुळत नाही, मागच्या वेळी वेगळे सांगितले होते, हे पान कुठे गेले, असे तो विचारत राहतो. मीनाच्या टंकलेखनाशी त्याचे काम थेट जुळते.

अशा कथांवर एक आक्षेप नेहमी येतो, की देखण्या खलनायकामुळे छळ आकर्षक वाटू लागतो. सॅम रीड यांचा लेस्टॅट आणि असद झमान यांचा आर्मांद आकर्षक आहेत यात शंका नाही. पण छळणारा विद्रूप दाखवला तर राहणारा माणूस का राहिला, हे कधी कळणार नाही आणि दोष गुपचूप त्याच्याच माथी येईल. पहिल्या पर्वात प्रेक्षकही लुईचे कथन जवळजवळ पूर्ण स्वीकारतो, रशीदकडे दुर्लक्ष करतो. दुसऱ्या पर्वात फसगत उघडी पडते तेव्हा तीही त्याच कथनाची असते. ऐकणाऱ्याची परीक्षा घेणारी ही रचना इतकी काटेकोर आहे, की पहिले पर्व पुन्हा पाहिले तर रशीदची प्रत्येक हालचाल वेगळी दिसते.

सत्य कळल्यावर लुई आर्मांदला सोडतो आणि न्यू ऑर्लिन्सला जाऊन लेस्टॅटला भेटतो. ऋण मान्य करतो, क्लॉडियासाठी दोघे मिळून रडतात. पण तो लेस्टॅटकडे राहायला जात नाही. लेस्टॅटने प्राण वाचवले हे खरे ठरले म्हणून त्याने आकाशातून सोडून दिल्याचे पुसले जात नाही. दोन्ही घडले आहे आणि लुईच्या नोंदीत आता दोन्ही आहेत. तो एकटाच दुबईला परततो. डॅनियलचे पुस्तक तोवर प्रसिद्ध झालेले असते आणि त्यामुळे चिडलेले जगभरचे व्हॅम्पायर लुईला धमकावत असतात. त्यांना तो सांगतो की या, कुठे राहतो ते तुम्हाला माहीत आहे.