तंबूंची दारे



बलामाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मवाबचा राजा बालाक याने इस्राएल लोकांना शाप देण्याकरिता त्याला दूरदेशाहून बोलावून आणले. बलाम डोंगरमाथ्यावर चढला, खाली रानात वंशावंशांप्रमाणे उतरलेली छावणी त्याने पाहिली, आणि शाप देण्यासाठी उघडलेल्या तोंडातून आशीर्वाद बाहेर पडला. तोच आशीर्वाद, ‘मा तोवू’, आपण सकाळी प्रार्थनामंदिरात पाऊल टाकताना म्हणतो.

त्याने असे काय पाहिले? बावा बात्रा या तालमूदाच्या भागात रब्बी योहानान याचे उत्तर देतात. एका तंबूचे दार दुसऱ्या तंबूच्या दारासमोर नव्हते, हे त्याने पाहिले. सहा लाख पुरुषांची ती छावणी, शिवाय बायका-मुले. तरीही शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजते आणि त्याच्या घरात कोण रडते, हे कोणी डोकावून पाहत नव्हते. अशा लोकांमध्ये परमेश्वराचा वास असणे योग्यच होय, असे बलामाला वाटले.

यावरूनच आपल्या शास्त्रात नियम झाला की सामाईक अंगणात शेजाऱ्याच्या दारासमोर दार आणि खिडकीसमोर खिडकी काढू नये. नुसत्या पाहण्यानेही माणसाचे नुकसान होते, असे शास्त्र मानते. काही चोरले नाही, मोडले नाही, तरीसुद्धा!

आज आपले अंगण कोणते? अश्दोद, लोद, डिमोना, बीर शेवा, तिकडे मुंबई-ठाणे आणि अलिबाग, एवढ्या लांब पसरलेल्या आपल्या माणसांचे अंगण आता मोबाइलमध्ये आहे. हे अंगण चांगले आहे, यात शंका नाही. कोणी वारले तर तासाभरात सर्वांना कळते, मिन्यानला दहा माणसे जमतात, मलिद्याचे आमंत्रण घरोघर पोहोचते. परंतु या अंगणात दार कुठे आहे आणि ते कोणासमोर उघडते, याचा विचार आपण करतो का?

या विषयावर बोलू लागले की पुष्कळ जण म्हणतात, “माझ्याजवळ लपवण्यासारखे आहे काय? मी पेन्शनर माणूस. पाहू दे कोणाला पाहायचे ते!” बंधूंनो, हे उत्तर प्रामाणिक आहे, पण अपुरे आहे. तुमच्या फोनमध्ये तुम्ही एकटे नाही. त्यात तुमच्या बहिणीचा नंबर आहे, विहिणीचा पत्ता आहे, पुतण्याच्या औषधांची चिठ्ठी आहे. एखादे नवे ॲप “तुमच्या ओळखीच्यांची यादी पाहू का?” असे विचारते आणि आपण न वाचताच ‘हो’ म्हणतो, तेव्हा शेकडो माणसांची दारे आपण उघडतो. त्यांना विचारलेले नसते. स्वतःचे दार उघडे टाकायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. शेजाऱ्याचे दार उघडण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी जर्मनीतील माइन्झ शहरी रब्बेनू गेरशोम होऊन गेले. दुसऱ्याचे पत्र त्याच्या परवानगीवाचून जो वाचील त्याच्यावर बहिष्कार, असा नियम त्यांच्या नावाने चालत आला आहे. पुढे लोक पाकिटावर या नियमाची आद्याक्षरे लिहीत. वाटेत कोणी पत्र उघडू पाहील तर त्याला ती आठवण! व्हॉट्सॲपने २०१६ सालापासून निरोपांना असेच कुलूप लावले आहे. वाटेत ते कंपनीलाही वाचता येत नाहीत. पण हे कुलूप वाटेपुरते आहे. कोण कोणाशी केव्हा बोलले, हे त्यावरूनही कळू शकते. आणि निरोप आपल्या हाती आल्यावर तो पुढे ढकलणारे बोट आपलेच असते. तिथे कुलूप कसले उपयोगी पडणार? तिथे तोराच उपयोगी पडते.

योमा या तालमूदाच्या भागात एक शिकवण आहे. कोणी आपल्याला काही सांगितले तर “जा, सांग” असे तो म्हणेपर्यंत ते दुसऱ्याला सांगू नये. परमेश्वराने मोशेला मंडपात बोलावून जे सांगितले त्यावरून ही शिकवण काढली आहे. म्हणजे “गुप्त ठेव” असे सांगण्याची गरज नाही. ऐकलेले सारे ठेवीसारखे सांभाळावे, आणि परवानगी मिळाल्यावरच ते दुसऱ्याच्या हाती द्यावे. आपण मात्र उलट धरून चालतो की ‘सांगू नको’ म्हटले नाही, मग सांगायला काय हरकत?

एक नेहमीचे उदाहरण घ्या. एखाद्या बाईंना इस्पितळात नेतात. संध्याकाळपर्यंत त्यांचा खाटेवरचा फोटो, नळ्यांसकट, सर्व ग्रुपांवर फिरतो. सोबत इस्पितळाचा कागद, त्यावर ओळख क्रमांक. हेतू चांगला असतो, लोकांनी प्रार्थना करावी एवढाच. पण सेफेर तोरासमोर आजाऱ्यासाठी ‘मी शेबेराख’ म्हणताना आपण काय सांगतो? माणसाचे नाव आणि त्याच्या आईचे नाव. संपले! परमेश्वराला रिपोर्ट लागत नाही, फोटो लागत नाही. मग तो आपल्याला कशाला लागतो?

राजकारणाचेही तसेच आहे. या देशात आपण मतदानाला जातो तेव्हा आडोशामागे उभे राहून चिठ्ठी निवडतो आणि लिफाफ्यात घालतो. तो आडोसा म्हणजे तंबूचे न दिसणारे दारच होय. पण २०२० च्या फेब्रुवारीत, २ मार्चच्या निवडणुकीच्या तोंडावर, काय घडले ते आठवा. लिकुद पक्षाने मतदारयादी ‘इलेक्टर’ नावाच्या ॲपमध्ये घातली होती. त्याच्या संकेतस्थळाच्या पानामागचा मजकूर उघडून पाहणाऱ्याला व्यवस्थापकांचे पासवर्ड मिळत होते. सुमारे ६५ लाख मतदारांची नावे, पत्ते आणि ओळख क्रमांक उघडे पडले. हे एका पक्षाला दोष देण्याकरिता सांगत नाही. मतदारयादी सर्वच पक्षांना मिळते. सांगायचे ते हे की अशा ॲपमध्ये कार्यकर्ता आपल्या ओळखीच्यांना ‘आपला मतदार’ म्हणून नोंदवतो. सरकारने उभारलेला आडोसा शेजाऱ्याच्या बोटाने पडतो. आपला मेव्हणा कोणाला मत देतो, हे त्याने आपल्याला जेवताना सांगितले असेल. ते यादीत लिहायला सांगितले होते का?

आपल्या जमातीला तर हे वेगळे समजावून सांगायला नको. १९६२ साली मुख्य रब्बींच्या कचेरीने विवाह नोंदविणाऱ्यांना सूचना दिल्या की बेने इस्राएल वधूवरांच्या आईची, आजीची आणि त्यामागील पिढ्यांची चौकशी करावी. आपले लोक यरुशलेमात धरणे धरून बसले, प्रश्न क्नेसेटमध्ये गेला, आणि १९६४ साली त्या सूचनांतून आपल्या जमातीचे नाव काढावे लागले. घरात कोणी डोकावले म्हणजे काय वाटते, हे आपल्या आईबापांनी सोसले आहे. त्यांच्या मुलांनी तरी दुसऱ्याच्या घरात डोकावू नये.

मग काहीच बोलू नये का? तसे नव्हे. वायिक्राच्या एकोणिसाव्या अध्यायात चहाडी करीत फिरू नकोस, असे सांगितले आहे. आणि त्याच वचनात शेजाऱ्याचा जीव धोक्यात असता स्वस्थ उभा राहू नकोस, असेही सांगितले आहे. कोणाचा जीव वाचवायचा असेल, कोणाला फसवणुकीतून सोडवायचे असेल, तर अवश्य बोलावे. ज्याला सांगणे जरूर आहे त्याला, आणि जरूर तेवढेच.

देशाचा कायदाही आपल्या बाजूस आहे. खाजगीपणाच्या रक्षणाचा कायदा १९८१ साली झाला, आणि त्यातील मोठी सुधारणा १४ ऑगस्ट २०२५ पासून अमलात आली. परंतु कायदा कंपन्यांना आणि कचेऱ्यांना आवरील. आपल्या बोटाला आपणच आवरले पाहिजे.

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणकोणत्या ॲपला आपल्या ओळखीच्यांची यादी दिली आहे ते पाहावे, आणि ज्याला तिची गरज नाही त्याची परवानगी काढून घ्यावी. जमत नसेल तर नातवाला बसवून करून घ्यावे. दुसरे, कोणाचा फोटो किंवा बातमी पुढे पाठविण्यापूर्वी त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारावे. आणि तिसरे, कोणाचाही ओळख क्रमांक ग्रुपवर टाकू नये व दुसऱ्याचे मत कोणत्याही यादीत भरू नये.

बलामाने पाहिलेले तंबू एकमेकांपासून दूर नव्हते. ते जवळजवळ होते, हाकेच्या अंतरावर. फक्त दारे समोरासमोर नव्हती. आपणही असेच जवळ राहावे, आणि आपल्या वस्तीकडे वाईट नजरेने पाहणाऱ्याच्याही तोंडून आशीर्वादच निघावा, हीच परमेश्वराजवळ प्रार्थना.

आमेन. शब्बाथ शालोम.