वाघ बघायचा दर कुणी ठरवायचा?

बोत्सवाना बघून आलेल्या माणसाला ताडोबा आवडेनासा होतो, हे आता नेहमीचंच झालं आहे. अशाच एका जाणकाराने मध्यंतरी एका परिसंवादात ठणकावून सांगितलं: तिथल्या ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात गर्दी नाही, कारण तिथं स्वस्त तिकीट नाही, ताडोबाचे दर दसपट करा, मोहर्लीच्या फाटकावरची जत्रा आपोआप उठेल. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत दसपट दर परवडणारेच जास्त होते, हा योगायोग समजू.

तुलना करायचीच तर पाण्यापासून करू. अंगोलाच्या पठारावर जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस कालाहारीच्या कडेला येऊन पसरतो, तोवर जून-जुलै उजाडतो. आजूबाजूचा मुलूख कोरडाठाक, आणि नेमका तेव्हाच ओकावांगोत पूर. हत्ती, रानम्हशी तिकडे लोटतात. ताडोबाच्या चंद्रपुरात उलटं. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, नाले सुकलेले, बोड्यांना भेगा, आणि उरल्यासुरल्या पाणवठ्यात वाघ अंग बुडवून बसलेला. तिथं पाणी आलं म्हणून प्राणी दिसतात, इथं पाणी आटलं म्हणून. पण इथल्या हंगामात जंगलात आणखीही कुणी असतं. त्यांना परिसंवादाचं निमंत्रण नव्हतं.

तेंदूपत्त्याचा हंगामही मे महिन्यातलाच. झाडीपट्टीतल्या बायका तांबडं फुटायच्या आत निघतात. झुडपं कमरेइतकी, म्हणून तोडणी वाकूनच होते. दुपारी अंगणात बसून अख्खं घर सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतं. वाघाच्या चाहुलीने सांबराने आवाज दिला की जिप्सीतला गाईड हात वर करतो, "कॉल आहे!" इंजिन बंद, कॅमेरे सज्ज, चेहऱ्यांवर पैसे वसूल झाल्याचं तेज. हाच आवाज तेंदूत वाकलेल्या बाईच्या कानी आला तर ती ओटीतली पानं टाकून मागे फिरते, वेळ मिळाला तर. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढामाळच्या तीन बायकांना वाघाने मारलं. त्याही तेंदूपत्त्यालाच गेल्या होत्या.

या संदर्भात माझा लाडका विचारवंत एक राजकारणी आहे: बोत्सवानाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोक्ग्वेत्सी मासिसी. एप्रिल 2024 मध्ये जर्मनी शिकारीच्या ट्रॉफींच्या आयातीवर निर्बंध आणू बघत होती. मासिसी म्हणाले, आम्ही तुम्हाला 20 हजार हत्ती भेट देतो. आम्हाला सांगता तसं तुम्ही त्यांच्यासोबत राहून दाखवा. मासिसींचा हेतू धुतल्या तांदळासारखा नव्हता. शिकारीवरची बंदी 2019 मध्ये त्यांच्याच सरकारने उठवली होती आणि परवान्यांचा पैसा त्यांना हवा होता. 2024 च्याच निवडणुकीत लोकांनी त्यांना घरीही बसवलं. पण माणूस पडला म्हणून प्रश्न पडत नाही. प्राणी जपण्याचं पुण्य एकाच्या पदरात आणि प्राण्यासोबत जगण्याचा धोका दुसऱ्याच्या गळ्यात, हा सौदा न्यायाचा कसा? बर्लिनच्या जागी मुंबई-पुणे ठेवा आणि हत्तीच्या जागी वाघ. उत्तर बदलत नाही.

एवढ्यावरून 'स्थानिकांसाठी तिकीट स्वस्तच ठेवा' असा निष्कर्ष काढता आला असता, आणि लिहायला बसलो तेव्हा माझा रोख तोच होता. दर वाढून गाड्या घटल्या की मोहर्ली-कोलाऱ्याच्या गाईडची, जिप्सीवाल्याची चूल विझते, हा मुद्दा खोटा नाही. पण 'स्थानिक' म्हणजे एकच कुणी नसतो. फाटकावरच्या गावाला वाघ रोजगार देतो. फाटकापासून लांब, प्रकल्पाच्या हद्दीबाहेरच्या गावाला तोच वाघ फक्त भीती देतो. स्वस्त तिकिटाने या दुसऱ्या गावाचं काय भलं होतं? काहीच नाही. महाग तिकिटाने? तेही नाही, जोवर पैसा कुठे जाणार ते सांगितलं जात नाही. तेव्हा दर वाढवायला माझी हरकत उरलेली नाही. हरकत आहे ती अर्ध्यावर थांबणाऱ्या हिशेबाला.

त्या जाणकाराला भावलेल्या ओकावांगोतलं मोरेमी अभयारण्यही कुणा पर्यटकाच्या सौंदर्यदृष्टीतून जन्मलेलं नाही. 1963 मध्ये बातावाना लोकांनी आपल्याच जमिनीतून ते राखलं. गंमत म्हणजे तेव्हाही ख्वाईच्या बसारवा आदिवासींना उठावं लागलंच. म्हणजे 'लोकांनी ठरवलं' म्हटल्यावरही कोणत्या लोकांनी, हे विचारावंच लागतं.

हे विचारायला आफ्रिकेत जायची गरज नाही. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूच्या विक्रीवर उभ्या राहिलेल्या या गावाच्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यापायी झाडं छाटली जातात आणि जंगलाला आगी लागतात. हा निर्णय वरून आला असता तर मोर्चा निघाला असता. गावाने घेतला म्हणून तो पाळला गेला.

तर दर खुशाल वाढवा. वाढीव रुपया त्या गावांना द्या, जिथल्या बायका मे महिन्यात पोटासाठी वाघाच्या वाटेवर वाकतात. जंगलात न जाण्याची मजुरी म्हणून द्या, मेल्यानंतरची भरपाई म्हणून नको. कोणती गावं, किती मजुरी, किती दिवस, हे ग्रामसभांना ठरवू द्या. हे मान्य नसेल, तर ओकावांगोचं नाव घेऊन दरवाढ मागणाऱ्यांना फक्त स्वतःसाठी मोकळा रस्ता हवा आहे, असंच मी समजेन.