सोडून देणे म्हणजे दया काय?

जीवदया हा शब्द आपल्या घराघरांतून लहानपणापासून कानी पडतो. मुंग्यांना साखर घालावी, गाईला घास काढून ठेवावा, पिंजऱ्यातल्या पाखराला मोकळे करावे, हे आपणास कोणी निराळे शिकवावे लागत नाही. ह्या संस्काराविषयी कोणाचाही वाद असण्याचे कारण नाही. परंतु संस्कार जितका जुना, तितका त्याचा अर्थ वरचेवर तपासून घेणे अगत्याचे असते. नाहीतर हात चालत राहतात आणि बुद्धी मागे राहते. एखाद्या जिवाला बंधनातून सोडले की आपले कर्तव्य संपले काय? तो जेथे गेला तेथे आधीपासून कोण राहत होते, आणि पुढे त्यांचे काय झाले, हे पाहणे दयेच्या कक्षेत येते की नाही? हा प्रश्न केवळ वादासाठी उपस्थित केलेला नाही. परदेशातील काही उष्णोदकाच्या झऱ्यांत तो प्रत्यक्ष घडून गेला आहे, आणि त्याचे उत्तर काही जिवांना आपल्या वंशाने द्यावे लागले आहे.

कोकणात ज्यांना उन्हाळे म्हणतात ते गरम पाण्याचे झरे, किंवा वज्रेश्वरीची कुंडे, आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तशाच प्रकारचे झरे कॅनडा देशात, अल्बर्टा प्रांतातील बॅन्फ गावाजवळ, सल्फर माउंटन नावाच्या डोंगराच्या कुशीत आहेत. सल्फर म्हणजे गंधक. त्या पाण्याला गंधकाचा उग्र वास येतो, म्हणून डोंगराचे हे नाव. १८८३ साली तीन रेल्वे कामगारांच्या दृष्टीस हे झरे पडले. १८८५ साली सरकारने भोवतालची जमीन राखून ठेवली, आणि त्यातूनच पुढे कॅनडाचे पहिले राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले. हिवाळ्यात तेथे नदी गोठते, झाडे हिमाने वाकतात. पण झऱ्याचे पाणी बारा महिने कोमट राहते. बर्फाच्या समुद्रात एखादे उबदार बेट असावे, तशी त्या झऱ्याची स्थिती आहे.

बेटावरची वस्ती नेहमीच आगळी असते. ह्या झऱ्यांत मक्याच्या दाण्याहून फारशी मोठी नसलेली एक गोगलगाय राहते. जगाच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी ती सापडत नाही. गंधकयुक्त पाण्यात प्राणवायू फार थोडा. म्हणून ती पाण्याच्या पृष्ठभागाजवळ राहून हवेतून श्वास घेते आणि तेथील शेवाळ व सूक्ष्म जंतूंचे थर खरवडून खाते. तिच्या संख्येत ऋतुमानाप्रमाणे मोठी भरती-ओहोटी होते. उन्हाळ्यात ती फारच थोडी उरते, हिवाळ्यात पुन्हा वाढते. २००० साली ती समूळ नष्ट होण्याच्या धोक्यात आहे असे ठरविण्यात आले. तिच्या रक्षणासाठी त्या पाण्यात नुसता हात बुडविण्यासही आज मनाई आहे.

झऱ्याचे पाणी खाली उतरून जेथे दलदलीत मिसळते, तेथे डेस जातीच्या माशाची एक छोटी उपजात राहत असे. बोटभर लांबीचा, करड्या रंगाचा, कोणाच्या डोळ्यांत न भरणारा असा तो मासा. १९१६ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन करून त्याला नाव दिले. नाव मिळाल्यानंतर जेमतेम सत्तर वर्षे तो जगला. १९८६ साली त्याचे शेवटचे दर्शन झाले, आणि १९८७ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

हे कसे घडले, हे समजून घेण्यासारखे आहे. १९२४ साली त्या दलदलीत डासांचा बंदोबस्त व्हावा म्हणून गॅम्बुझिया नावाचे डासखाऊ मासे सोडण्यात आले. हेतू लोकोपयोगी होता. पुढे १९६० च्या दशकात घरी काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळणाऱ्या हौशी लोकांनी आपले नकोसे झालेले मासे ह्या पाण्यात आणून सोडले. आफ्रिकेतला ज्वेलफिश, अमेरिकेच्या उष्ण भागातला सेलफिन मोली, असे निरनिराळ्या प्रदेशांतले जीव तेथे एकत्र आले. शेजारच्या थंडगार नदीत ते एक हिवाळाही जगते ना. पण झऱ्याच्या उबेत त्यांनी संसार मांडला. पाहुण्यांनी यजमानाचे अन्न खाल्ले, त्याची अंडी व पिले खाल्ली. दोष केवळ ह्या माशांचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. स्नानाच्या तलावातून वाहून येणारे क्लोरीनमिश्रित पाणी, जवळच्याच दुसऱ्या डेस माशांशी झालेला संकर, अभ्यासासाठी झालेली पकड, ही कारणेही सांगितली जातात. पण अडचणीत असलेल्या घरात परके बिऱ्हाड घुसवावे, तसा ह्या नवागतांचा भार त्या दुबळ्या जिवावर पडला.

आता पेटीतले मासे सोडणाऱ्या माणसाच्या अंतःकरणात डोकावून पाहू. तो दुष्ट नव्हता. माशाला मारणे त्याच्या जिवावर आले. गटारात ओतावे, तर मन धजेना. बाहेर सर्वत्र बर्फ. तेव्हा जेथे तो जगेल अशी एकच जागा त्याने शोधून काढली आणि तेथे त्याला अलगद सोडले. मासा शेपटी हलवीत खोल पाण्यात गेला, आणि ह्या गृहस्थाने समाधानाचा निःश्वास टाकला. त्या क्षणापुरती त्याची करुणा खरीच होती. मग चुकले कोठे?

माझ्या मते चूक त्याच्या दृष्टीच्या आवाक्यात आहे. ज्या माशाला त्याने दोन वर्षे दाणे घातले, त्याचा रंग त्याला ठाऊक होता, कदाचित त्याला नावही ठेवलेले होते. पाण्याखालच्या करड्या माशाला नाव नव्हते, रंग नव्हता. ओळखीच्या जिवासाठी हृदय द्रवले, अनोळखी जिवासाठी द्रवले नाही. अशी करुणा आपल्या जिव्हाळ्याचाच विस्तार असते. आणि जिव्हाळा म्हणजे सर्वभूतदया नव्हे. शिवाय त्या निःश्वासात थोडा स्वार्थही मिसळलेला होता. पेटी रिकामी झाली, रोजचे पाणी बदलणे चुकले, आणि मनाला टोचणीही लागली नाही. जे ओझे उतरले ते माशाचे, की आपले, हे माणसाने स्वतःला विचारावयास नको काय?

ह्यावर एक आक्षेप येईल. हेतू शुद्ध असल्यास कर्माचा दोष लागत नाही, असे आपण मानतो. मग अजाणतेपणी झालेल्या हानीचे खापर त्या भल्या माणसावर का फोडावे? आक्षेप वजनदार आहे. परंतु शुद्ध हेतूत जाणून घेण्याची तळमळ अंतर्भूत असते. रोग्याला औषध देणारा वैद्य प्रकृतीची चौकशी न करता पुडी बांधून देईल, तर त्याचा हेतू चांगला होता एवढ्यावर आपण त्याला सोडून देत नाही. जे अज्ञान चार शब्द विचारून दूर होण्यासारखे असते, त्याच्या आड शुद्ध हेतूला लपता येत नाही. १९२४ साली ज्यांनी डासखाऊ मासे सोडले त्यांना पुढचे दिसणे कठीण होते, असे म्हणता येईल. आज आपणास तसे म्हणता येणार नाही. कारण उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

माझे वडील देवळात पूजाअर्चा करतात. एकदा एका कुळाव्याने त्यांना विचारले, "भटजी, घरची काचेची पेटी मोडायची आहे. चार सोनेरी मासे आहेत. देवाच्या तळीत सोडले तर पुण्यच ना?" वडील म्हणाले, "पुण्य तुम्हाला मिळेल. पण बिऱ्हाड तळीतल्या माशांच्या घरात होणार. त्यांना विचारले आहे काय?" गृहस्थ हसले, आणि ते मासे त्यांनी पाळण्याची आवड असलेल्या दुसऱ्या एका कुटुंबास नेऊन दिले. वडिलांनी कोणताही शास्त्रार्थ सांगितला नव्हता. दान देताना घेणाऱ्याची स्थिती पाहावी हा साधा व्यवहार त्यांनी पाण्याला लावला, इतकेच.

ही गोष्ट दूरदेशापुरती नाही. तोच गॅम्बुझिया १९२८ साली इटलीहून भारतात आणला गेला. पेटीच्या काचेवरचे शेवाळ चाटून साफ करणारा सकर मासा आज केरळ, आंध्र प्रदेश, पश्चिम बंगाल येथील जलाशयांत पसरला आहे. त्याच्या काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटतात, आणि हाती आलेला मासा बाजारात कोणी घेत नाही. कोणाच्या तरी दिवाणखान्यातून निघालेला तो जीव गरीब माणसाच्या पोटावर येऊन बसला. उलट बाजूही सांगण्यासारखी आहे. गोव्यात १९९० च्या दशकात हिवतापाशी झगडताना ॲप्लोकायलस ब्लॉकी ह्या आपल्याच पाण्यातल्या चिमुकल्या माशाचा डासांच्या अळ्या खाण्यासाठी उपयोग करण्यात आला. हेतू १९२४ सालचाच. पण आधी आपल्या घरात कोण आहे हे पाहिले गेले. विवेक म्हणतात तो हाच.

आता अधिक कठीण प्रश्नाकडे वळू. एकदा चूक होऊन गेली; परके मासे झऱ्यात वाढले. त्यांना मारावे काय?

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात केली नावाच्या वस्तीजवळ असाच एक उबदार झरा आहे. तेथेही लोकांनी कित्येक वर्षे पेटीतले मासे सोडले: गोल्डफिश, गप्पी, स्वोर्डटेल, आणखीही काही. झऱ्याचे पाणी ओढ्यावाटे पुढे स्नेक नदीच्या खोऱ्यात जाते, आणि हे पाहुणे खाली सरकू लागले. अखेर २०१८ सालच्या ऑगस्ट महिन्यात उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी त्या पाण्यात रोटेनोन नावाचे विष घातले. काही वनस्पतींच्या मुळांतून ते निघते. कल्ल्यांवाटे शरीरात शिरते, आणि पेशींना प्राणवायूचा उपयोग करू देत नाही. मासा पाण्यात असूनच गुदमरतो.

हे वाचून आपल्यासारख्यांच्या अंगावर शहारा आल्यावाचून राहत नाही. त्या माशांचा अपराध काय? ते स्वतःच्या पायांनी, किंवा परांनी म्हणा, तेथे आले नव्हते. कोणी म्हणेल, "निसर्गात बलवान दुर्बलास खातोच, आपण हात आखडून बसावे, म्हणजे हिंसेचे पाप तरी लागणार नाही." पण हात आखडण्यापूर्वी एकदा तो हात पुढे झालेला होता, हे विसरता येत नाही. आपणच लावलेली आग पाहत स्वस्थ बसणे म्हणजे अहिंसा नव्हे. स्वस्थ बसण्यानेही मरण येतेच. फक्त ते पाण्याखाली, आवाज न करता येते, आणि मरणारा पुन्हा कधी जन्मास येत नाही. सोनेरी मासे जगात असंख्य आहेत. एका झऱ्याचा मासा गेला की तो गेलाच.

म्हणून, जेथे जाळ्याने पकडून दुसऱ्या पेटीत नेणे शक्य असेल तेथे तेच करावे. जेथे दुसरा मार्ग उरलेला नाही, आणि एक संपूर्ण वंश पणास लागला आहे, तेथे मारणे हे क्षम्य ठरू शकते, असे माझे मत झाले आहे. पण क्षम्य म्हणजे पवित्र नव्हे. ज्याने ते काम केले त्याने त्यास पुण्य म्हणू नये, विजयही म्हणू नये. ते कर्ज आहे. कर्ज काढणारा एक, आणि फेडणारे निरपराध मासे, ही त्यातली दुःखद गोष्ट. ज्याच्या मनाला हे दुःख बोचत नाही, त्याच्या हाती असले अधिकार देऊ नयेत. आणि ज्याला बोचते, त्याने पुन्हा असा प्रसंग येऊ नये म्हणून झटावे.

झटण्याची जागा मात्र झऱ्यापाशी नाही; ती आपल्या घरात आहे. मुलाने हट्ट केला म्हणून मासा, कासव, पक्षी घरी आणताना तो किती वर्षे जगतो, किती मोठा होतो, आपण गावाला गेल्यावर त्याचे कोण करील, हे आधी विचारावे. सांभाळता येणार नसेल तर आणूच नये. आणला, तर शेवटपर्यंत सांभाळावा; नाइलाज झाल्यास विक्रेत्यास किंवा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा. नदी, तळे, विहीर, देवाची तळी, ह्यांपैकी काहीही रिकामे पडलेले घर नाही. तेथे आधीच कोणीतरी राहत आहे. एकादशीच्या दिवशी किंवा नवस फेडताना बाजारातून मासे विकत घेऊन सोडावेत असे ज्यांच्या मनात येईल, त्यांनी तेच द्रव्य तळीतला गाळ काढण्यास, निर्माल्य व साबण पाण्यात जाऊ नये ह्या व्यवस्थेस द्यावे. जे जीव तेथे आहेत त्यांचे पाणी स्वच्छ राखणे, ही सोडून देण्याहून अवघड पण खरी जीवदया आहे.

सोडण्याला एक क्षण लागतो, सांभाळण्याला आयुष्य लागते. पहिल्यात मनास समाधान लवकर मिळते. दुसऱ्यात ते उशिरा मिळते, आणि कित्येकदा कोणाच्या लक्षातही येत नाही. बॅन्फच्या झऱ्यातल्या त्या मक्याच्या दाण्याएवढ्या गोगलगाईला, आपल्यासाठी माणसे पाण्याबाहेर हात राखून उभी आहेत, हे कधी कळणार नाही. तरीही ती माणसे हात राखून उभी राहतात. जिचे कौतुक करावयास समोर कोणी नाही, अशा दयेची सवय आपल्या कुटुंबांतून लागावी, एवढीच देवाच्या चरणी प्रार्थना.